झोळी की तंबू

१० नोव्हेंबर २०२४

प्रज्ञाने दोन्ही आणलेत! एक तंबू, एक झोळी. झोळीला ती हॅमॉक म्हणते. पाठीवर एवढी मोठी सॅक घेऊन रिक्षातून उतरली तेव्हा समोरच्या बेबाबाई ओट्यावरूनच ओरडल्या — "पुण्याचं बिऱ्हाड उठवून आणलं का गं?"

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघींनी यांच्या फेरीच्या वाटेने चालायचं, असं तिने ठरवलंय. साक्रीच्या पलीकडचे डोंगरातले पाडे. हे आरोग्य सेवक होते तेव्हा दर महिन्याला ती वाट करायचे. लसीची पेटी, रक्ताच्या काचपट्ट्या, आणि खांद्यावर पंचा. आता आम्ही पाठीवर सामान घेऊन तीन-चार दिवस चालायचं, जिथे संध्याकाळ होईल तिथे मुक्काम.

"बाबांना जाऊन सहा वर्षं झाली आई. त्यांची वाट मी एकदाही बघितली नाही. तू निदान एकदा तरी गेलीयस."

गेले होते. त्या एकदाचंच सगळं आहे.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. भाकरी थापत राहिले. ती म्हणाली, "तू नाही आलीस तर मी एकटी जाईन."

जाईल. बापावर गेलीय.


११ नोव्हेंबर

गच्चीवर तंबू लावला. काड्या एकमेकींत घालायच्या, त्या कापडाच्या बोगद्यातून सरकवायच्या, वाकवायच्या — आणि उभा! पोर हात झटकून म्हणाली, "बघ, घर झालं."

आत जाणं जमलं. रांगत गेले. आतून चेन लावली की उन्हाचा पिवळा उजेड भरून येतो, बरं वाटतं. दोघी शेजारी शेजारी आडव्या झालो. ती मावशीच्या लग्नातल्या पंगतीचं काहीतरी सांगत होती. किती दिवसांनी तिच्या केसांचा वास इतक्या जवळून आला.

मग उठायची वेळ आली. उठताच येईना! गुडघे वळेनात. डाव्या हाताने खालचं धरते तर ते कापड, उजव्या हाताने वरचं धरते तर तेही कापड. शेवटी प्रज्ञाने बाहेरून दोन्ही हात धरून ओढलं. बेबाबाई वाळवणाला वर आल्या होत्या. हसून हसून खाली बसल्या — "वासरू बाहेर काढतात तसं काढलं माय तुला!"

मीही हसले. पण रात्रभर गुडघा ठणकत होता.


१२ नोव्हेंबर

प्रज्ञा गेली. दोन्ही वस्तू माझ्याकडे ठेवून गेली. दोन्हींतलं एक महिन्याच्या आत दुकानात परत करता येतं म्हणे. "तू ठरव आई. तुझ्या अंगाला काय सोसेल ते. मला दोन्ही चालतं."

तंबू कपाटावर ठेवलाय. झोळीची पिशवी गव्हाच्या कोठीमागे.


१५ नोव्हेंबर

वाचनालयात डोंगर चढण्यावरचं काही आहे का विचारलं. ग्रंथपाल मुलगा चष्म्यावरून बघत राहिला. एक जुनं पुस्तक मिळालं, त्यात दोर आणि कडे आहेत, झोपण्याचं काही नाही. मग मोबाइलवर शोधलं. लोकांनी यावर केवढं लिहून ठेवलंय! भांडतातसुद्धा. तंबूवाले आणि झोळीवाले, जशा काही दोन भावक्या.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून झालं, आणि मग हे दर पगाराला एक पुस्तक आणायचे त्यावर. त्यामुळे कुठलीही गोष्ट छापलेली दिसली की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला सोडवत नाही. समजलं ते असं —

तंबूला सपाट जागा लागते. खडे वेचावे लागतात. वजन जास्त. पण दोघींना एकत्र झोपता येतं.

झोळीला फक्त दोन झाडं लागतात. उतार असो, दगड असो, ओल असो, काही फरक पडत नाही. विंचूकाट्याची भीती नाही. तिरकं झोपलं तर पाठ सरळ राहते. खालून गार वारा लागतो म्हणून अंगाखाली चटई घ्यावी लागते. आणि एका बाईने लिहिलंय, माझ्याएवढीच असावी — गुडघे गेलेल्या माणसाने झोळीच घ्यावी, खुर्चीवरून उठावं तसं पाय सोडून उठता येतं.

म्हणजे माझ्यासाठी झोळीच. कोणीही सांगेल.

कोठीमागून पिशवी काढली नाही.


१७ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. आज काही लिहिण्यासारखं नाही.


२४ नोव्हेंबर

प्रज्ञा दोन दिवसांसाठी आली आणि मला एरंडोलला देवचंदकडे घेऊन गेली. माझा धाकटा भाऊ. त्याच्या शेतात बांधावर दोन मोठे निंब आहेत, तिथे झोळी बांधून बघायची म्हणून.

देवचंद एकेक बोलत होता. "जयभीम ताई! काय ऐकतो मी, रानात झोपायला चालल्या? आपल्या आज्याला गावाबाहेर उघड्यावर झोपावं लागत होतं म्हणून बापाने आपल्याला शिकवलं. आता शिकलेली पोरगी पैसे देऊन उघड्यावर झोपते!" प्रज्ञा म्हणाली, "मामा, त्यांना झोपावं लागत होतं. मला झोपायचंय."  मग म्हणाला, "बोलते मात्र भाऊजींसारखी."

तिने झाडांना रुंद पट्टे गुंडाळले, साल सोलवटू नये म्हणून. कड्या अडकवल्या. हिरवी झोळी. वाऱ्याने जरा फुगली आणि खाली बसली.

"बस आई. मग पाय वर घे. मी धरलंय."

बसले. पाय वर घेतले. कापड दोन्ही बाजूंनी वर आलं. कानापर्यंत आलं. आभाळाची एक पट्टी तेवढी दिसत होती, आणि ती हलत होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी ओरडले म्हणे. उतरव, उतरव म्हणत राहिले. देवचंद विहिरीकडून पळत आला. जमिनीला पाय लागल्यावर मी झोळीचं कापड दोन्ही मुठीत धरून ठेवलं होतं, ते प्रज्ञाला एकेक बोट सोडवून काढावं लागलं.


२५ नोव्हेंबर

परत येताना बसने पारोळं सोडलं. प्रज्ञा खिडकीकडे बघत म्हणाली —

"यायचं नसेल तर सरळ नाही म्हण. नाटक नको."

मी तिकिटं दुमडून पिशवीत ठेवली.

"तू बाबांचं नावच काढत नाहीस. फोटो पुसतेस, हार बदलतेस, बस. मी काही विचारलं की उठून स्वयंपाकघरात. मला त्यांच्याबद्दल कोण सांगणार? बेबाबाई?"

शेजारची बाई ऐकत होती. मी म्हटलं, हळू बोल. ती म्हणाली, "हेच. हेच करतेस तू."

स्टँडवरूनच पुण्याची गाडी धरली तिने. घरी आली नाही.


२८ नोव्हेंबर

फोन केला. उचलला नाही.


१ डिसेंबर

कुणाला तोंडाने सांगता येत नाही ते इथे लिहिते.

श्रावण होता. मी धुळ्याहून चार दिवसांसाठी यांच्याकडे गेले होते. प्रज्ञा तेव्हा जळगावला वसतिगृहात. मी म्हटलं, एकदा मला तुमची फेरी बघू द्या. हे खूश! वाटभर झाडांची नावं सांगत होते. वरच्या पाड्यावर एका घरी मुक्काम केला. सकाळी पोरांना डोस पाजता पाजता यांनी छातीवर हात ठेवला आणि ओट्यावर बसले. घामाने शर्ट भिजला. म्हणाले, "जरा वारा घाल."

पाड्यापर्यंत गाडी येत नाही. नाल्याला पूर. जीप नाल्यापलीकडच्या सडकेवर. तिथे आजारी माणसाला झोळीतूनच नेतात. बाळंतीण असो, म्हातारं असो. एक गोधडी, तिची टोकं बांबूला बांधायची, बांबू खांद्यावर. दोघे पुढे, दोघे मागे.

यांना तसं घातलं. कापड दोन्ही बाजूंनी वर आलं. तोंड दिसेना. बांबूला टांगलेलं एक गाठोडं आणि त्याच्या बाजूने मी. मी गोधडीची कड हातात धरली आणि बोलत राहिले. हे ऐकतायत हे मला माहीत होतं. काय काय बोलले ते लिहीत नाही. आमच्या लग्नात जेवढं बोलले नसेन तेवढं त्या वाटेवर बोलले.

आणि ते चौघे पळत नव्हते! चालत होते. जपून, एकेक पाऊल टाकत, जसं काही डोक्यावर पाण्याचे हंडे आहेत. मी ओरडले, पळा! पाया पडले. शिव्या दिल्या. तुमचा कोणी असता तर पळाला असतात म्हटलं. ते माझ्याकडे बघेनात. तसेच चालत राहिले. नाला ओलांडून जीपमध्ये ठेवलं तेव्हा ड्रायव्हरने यांच्या नाकाशी हात धरला आणि टोपी काढली.

नाल्यापर्यंत हे होते. नाल्याच्या अलीकडे गोधडी हलली, मी पाहिलं. ते पळाले असते तर.

प्रज्ञाला मी एवढंच सांगितलं की जीपने आणलं. तिने बापाला साक्रीच्या दवाखान्यात पाहिलं, खाटेवर, पांढऱ्या चादरीत. तिच्या बापाला बांबूला टांगून आणलं हे मला म्हणवेना.

सहा वर्षं मला एकच वाटतं. हे ऐकत होते. मी बोललेलं सगळं घेऊन गेले. त्यावर मी दिवस काढते. आणि त्या चौघांचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही.


३ डिसेंबर

प्रज्ञाचा फोन आला. तिने बोलायच्या आतच मी सांगितलं. उभ्या उभ्या, गॅस बंद करून. झोळीचं सगळं. न पळण्याचंही.

  मग तिचं नाक ओढणं ऐकू आलं.

"आई, आणि मी तुला त्याच्यात बसवलं."

"तुला काय माहीत होतं."

"सांगितलं असतंस तर—"

"आत्ता सांगितलं ना."

मग ती म्हणाली, "तंबू. तंबूच घेऊ. गुडघ्यांचं मी बघते. रोज सकाळी ओढून काढेन."

"आणि वरचा पाडा?"

"त्याला वळसा घालू. बाकीची वाट करू."

म्हणजे मी जाते आहे, असं ठरलं. मी हो कधी म्हटलं?


६ डिसेंबर

सकाळी पुतळ्यापाशी जाऊन आले. मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली. शेजारच्या अनोळखी बाईने तिच्या मेणबत्तीवरून पेटवून दिली.


८ डिसेंबर

झोळी कुरियरने गेली. बरं वाटलं. कोठीमागे पिशवीचा गोल ठसा धुळीत राहिला होता, तो पुसला.

बेबाबाई रोज संध्याकाळी मला पलंगाच्या कडेवरून उठ-बस करायला लावतात. आपण स्वतः पाटावर बसून शेंगा सोलतात आणि मोजतात. "अजून पाच! नाहीतर पुन्हा वासरू काढावं लागेल!"


२५ डिसेंबर, पाड्यांच्या वाटेवर

आज चाललो. सकाळी साक्रीहून जीप, मग पायी.

प्रज्ञा पुढे, मी मागे. तिने सगळं जड सामान स्वतःकडे घेतलंय. माझ्या पाठीवर चटया, तांदूळ, भांडं. पहिल्या चढाला दम लागला, नंतर पाय आपोआप पडायला लागले. साग, खैर, पळस. यांनी सांगितलेली नावं मला येत होती! मी एकेक सांगत गेले आणि ती थांबून थांबून ऐकत होती. बोट लावून बघत होती. यांच्याबद्दल तिच्याशी इतकं मी कधी बोलले नव्हते. झाडांमुळे सोपं गेलं.

खालच्या पाड्यावर एका म्हातारीने ओळखलं. मला नाही, प्रज्ञाला! "सुईवाल्या भाऊचं नाक शे," म्हणाली. गालावरून हात फिरवला. तिच्या नातवाला पहिली सुई यांनी दिली होती. तो आता बकऱ्यांमागे फिरतो.

शाळेच्या पटांगणात तंबू लावला. दगडासारखी थंडी. प्रज्ञाने माझे पाय तिच्या पोटाशी घेतले.


२६ डिसेंबर

सकाळी वासरू काढलं. दोघी हसलो.

आज घोटाळा झाला. वरच्या पाड्याला वळसा घालायचा म्हणून डोंगराच्या वरच्या धारेची वाट घेतली. मोबाइलवरच्या नकाशात ती सरळ दिसते. प्रत्यक्षात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. मुक्कामाला जागा शोधतोय तर तंबूएवढी सपाट जमीन कुठेच नाही! झाडं मात्र हवी तेवढी. एकमेकांपासून बरोबर चार-पाच पावलांवर. दोघींच्याही मनात एकच आलं.

ऊन उतरायला लागलं. प्रज्ञाने एका ठिकाणी काठीने दगड उकरून बघितले, मग काठी टाकून दिली. म्हणाली, "आई, खाली खळं दिसतंय."

दिसत होतं मलाही. सारवलेलं, गोल, सपाट. नागलीचं काड एका बाजूला रचलेलं. वरच्या पाड्याचं खळं.

"नको असेल तर आपण चालत राहू. अंधार पडेपर्यंत."

मी तिच्याकडे पाहिलं. खांद्याला पट्ट्याने लाल वळ आले होते. मी म्हटलं, चल.

खळ्यावर तंबू लावून झाला तेव्हा चार-सहा माणसं जमली होती. मी मान वर केली नाही. आतच बसले. प्रज्ञा बाहेर बोलत होती. एका माणसाचा आवाज — "रातले थंडी जास्त शे. घोंगडी देऊ का?" तिने घेतली. धुराचा वास येणारी जाड घोंगडी. मी अंगावर घेतली नाही. नंतर घेतली.


२७ डिसेंबर

घोंगडी देणारे रुपचंदभाऊ. चौघांतले मागच्या डाव्या खांद्याचे. सकाळी चहा घेऊन आले तेव्हा मी तंबूच्या दारात होते, प्रज्ञा ओढत होती. त्यांनी किटली खाली ठेवली आणि माझा दुसरा हात धरला. मला उभं करून प्रज्ञाकडे बघितलं आणि विचारलं —

"तीच का ही पोर? दुधीची भाजी डब्याखाली लपाडणारी?"

दुधीचं मी फक्त यांना सांगितलं होतं. त्या वाटेवर, गोधडीला तोंड लावून.

 रुपचंदभाऊ किटलीकडे बघत बोलले. "ताई, भाऊ तं पाड्यानी शीववरच गयात. आम्हले चौघसले मालूम व्हतं. वाटमा माणूस गया की झोळी तठेच उतारतस, पुढे लई जातस नही. आम्हनी रीत शे. पण तुम्ही बोलत व्हत्यात. खाले ठेवतूत तं तुम्हनं बोलणं बंद पडतं." पाड्याची शीव, म्हणजे नाल्याच्या कितीतरी अलीकडे. पंचांनी नंतर चौघांकडून एकेक कोंबडा दंड घेतला म्हणे, रीत मोडली म्हणून.

मी विचारलं, आणि पळाला का नाहीत?

"पळतूत तं भाऊना हात बाहेर पडता. तुम्हले समजी जातं."

प्रज्ञा माझ्या पाठीशी उभी होती.

वाटभर मी यांच्याशी बोलले, आणि मध्ये मध्ये त्या चौघांना शिव्या दिल्या. दोन्ही त्यांनीच ऐकलं.